कुठंच न जाणारी शिडी

आमच्या केशोरीच्या घरात एक बाग अठ्ठेचाळीस वर्षं लोखंडी पेटीत, गोधड्यांच्या खाली पडून होती. हार्डबोर्डाच्या दोन हात लांब तुकड्यावर माझ्या नणंदेनं ती रंगवली होती, तिच्या लग्नाआधी. आणि ती पेटीत गेली ती माझ्या तोंडामुळं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. ज्यांना माहीत होतं त्यांना सांगायची गरज नव्हती, आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांना कशाला सांगा.

पण यंदा दिवाळीला नात आली. ती नागपुरात चित्रकला शिकते. सुटीत तिला एक निबंध लिहायचा होता: नव्या वळणाचं एखादं बागेचं चित्र घ्या, त्याचा भाव काय, त्यातली प्रतीकं कोणती, ते सांगा. चित्र पुस्तकातलं नको, मोबाइलवरचं नको, समोर ठेवून पाहिलेलं हवं, अशी तिच्या मॅडमची अट. पोरगी दोन दिवस तोंड पाडून बसली.

"आजी, केशोरीत मी मॉडर्न बाग कुठून आणू? इथं लोक भिंतीवर मोर काढतात, नाहीतर कलश."

आमच्या समोरच्या भिंतीवरचा मोर मीच काढलेला आहे. मी तो अपमान गिळला आणि पेटी उघडली.

चित्र पलंगावर ठेवलं तशी ती मोबाइल बाजूला टाकून त्यावर वाकली. आधी तुम्हालाही ते दाखवते, म्हणजे पुढचं समजेल. चित्रात आभाळ नाही. कुठंही क्षितिज नाही. सगळी बाग जणू उभी करून भिंतीला चिकटवल्यासारखी. माती जांभळी. त्या जांभळ्यात कोचईची, म्हणजे अळूची, मोठमोठी पानं, गडद हिरवी, माना खाली घातलेली. एका कोपऱ्यात पिवळे ठिपके, ती दोडक्याची फुलं. खालच्या काठाला तपकिरी अर्धचंद्रांची ओळ, एकाला एक लागून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्या अर्धचंद्रांवरून एक लाल शिडी निघते आणि चित्राच्या मधोमध मातीतच संपते. ना झाडाला टेकलेली, ना भिंतीला. आणि शिडीच्या बाजूला एक मोठा काळसर डाग, पानांवर पसरलेला, वरच्या टोकाला दोन लहान शिंगं असलेला. बस. माणूस एकही नाही.

"किती लोनली आहे हे," नात म्हणाली.

मला हसू आलं. शब्द नवा होता, वेडेपणा जुनाच होता. तिला म्हटलं, "या चित्राचा अर्थ मी एकदा सांगितला होता. भर बैठकीत."

"काय सांगितलं होतं?"

तर ती हकिकत.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि जगात मला न समजलेलं असं काही उरलं नव्हतं. गोंदियाच्या कॉलेजातून बी.ए. झालेली, तेही मराठी वाङ्मय घेऊन. वाचनालयातल्या मासिकांत चित्रकलेवरचे दोन लेख वाचलेले. त्यातला एक अर्धाच, पुढची पानं कुणीतरी फाडून नेली होती. तेवढ्या दीड लेखावर मी केशोरीला सून म्हणून आले. सासरी पोचून आठ दिवस झाले नव्हते तर गोठ्यातल्या म्हशीच्या डोळ्यांतल्या कारुण्यावर कविता केली. म्हैस दूध किती देते ते विचारायचं सुचलं नाही. सासूबाईंनी कविता ऐकली आणि म्हणाल्या, "बरं झालं. आता शेण उचल."

नणंद माझ्याहून वर्षानं लहान. ती शाळेत असताना ड्रॉइंगच्या परीक्षा पास झाली होती. ड्रॉइंगच्या मास्तरांनी तिला अर्ध्या वापरलेल्या रंगांच्या नळ्यांचा डबा दिला होता, त्यातूनच ही बाग झाली. त्या वर्षी धान कापून झालं आणि तिला पाहायला दरेकसाकडचे पाहुणे आले. मुलगा शाळेत मास्तर, दिसायला चांगला. सोबत त्याची आई आणि मामा. बैठकीत मुलीची कला मांडायची पद्धत होतीच. सासूबाईंनी नणंदेनं भरलेले पोपटांचे दोन रुमाल टांगले. सासऱ्यांनी मात्र हट्टानं ही बाग टांगली, अगदी मधोमध.

पोहे आले, चहा आला. मामांनी चित्राकडं पाहिलं, मान वाकडी करून पाहिलं, आणि विचारलं, "हे काय काढलं म्हणावं?"

नणंद पाटावर, पदर डोक्यावर, मान खाली. मुलीनं तेव्हा फक्त नाव, शिक्षण आणि स्वयंपाक एवढ्याच प्रश्नांना उत्तर द्यायचं असे. सासरे खाकरले. कदाचित ते काही बोलणार होते. पण दीड लेख वाचलेली बाई दाराच्या चौकटीत उभी होती ना.

"मी सांगते," मी म्हटलं.

आणि सांगितलं. म्हटलं, ही साधी बाग नव्हे, हे कोंडलेलं मन आहे. बघा, याला आभाळ नाही, म्हणजे भविष्य नाही. माती जांभळी आहे, कारण मार लागल्यावर कातडी अशीच जांभळी होते. ही पानं म्हणजे माना टाकलेली हृदयं. खाली ग्रहण लागलेल्या चंद्रांची रांग आहे. ही शिडी कुठंच जात नाही, म्हणजे सुटकेची वाट नाही. आणि हा शिंगांचा काळा डाग, इथं माझा आवाज आपोआप खाली गेला, हा यमाचा रेडा आहे. शेवटी हात पसरून म्हटलं, "आणि या सगळ्यात माणूस कुठं आहे? नाही. चित्र काढणारी स्वतःच त्यात नाही."

बैठक इतकी शांत झाली की मला वाटलं, लोक भारावले.

मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि सासऱ्यांना हळूच विचारलं, "पोरीची तब्येत-गिब्येत तं ठीक हाये ना जी?"

सासऱ्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा माझ्या नवऱ्याकडं, आणि गप बसले. नवरा चपलेचा पट्टा सारखा करत होता. घरात बसून चपलेचा पट्टा सारखा करणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, पण त्याचा अर्थ काही मला लावता आला नाही. तो लेखात नव्हता.

आठ दिवसांनी निरोप आला, यंदा मुलाचं करायचं नाही. त्याच हंगामात त्याचं लग्न झालं, दुसरीकडं. सासूबाईंनी चित्र काढून पेटीत टाकलं. दोन वर्षांनी नणंद सौंदडला दिली गेली. घर चांगलं मिळालं, नवरा चांगला मिळाला, मुलंबाळं झाली. पण तिनं पुन्हा कधी रंगाला हात लावलेला मी पाहिला नाही.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागं लागला होता. लग्न मोडलं ते मोडलं, पण हिचं चित्र काढणंही मीच बंद केलं का? अठ्ठेचाळीस भाऊबिजा आल्या नि गेल्या. आम्ही दोघींनी मिळून किती पापड लाटले, किती बाळंतपणं काढली, सासूबाईंच्या मागं त्यांच्या किती नकला केल्या. चित्राचा विषय एकदाही निघाला नाही. ती काढत नव्हती आणि माझी हिंमत होत नव्हती.

हे सगळं नातीला सांगून मी मोकळी झाले आणि तिच्याकडं पाहिलं, तर ती मोबाइलवर टकाटक टाइप करत होती.

"काय करते गं?"

"तुझं भाषण लिहून घेतलं. आजी, तू भारी बोलतेस. कोंडलेलं मन, ग्रहण, यमाचा रेडा. मी हेच देते मॅडमला."

ज्या भाषणानं एक सोयरीक मोडली, ते आता दुसऱ्यांदा, माझ्याच नातीच्या नावानं, नागपूरला जाणार. म्हटलं, "लिही, पण आधी जिनं काढलं तिला विचार."

"म्हणजे, आत्याआजी?"

"दुसरी कोण असणार? तुझी आत्याआजी. सौंदडची."

यंदा भाऊबीजेला ती आली नव्हती, मळणी अंगावर होती. म्हणून दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी निघालो. चित्र जुन्या लुगड्यात गुंडाळलं. माझा नवरा ओसरीत खुर्चीवर बसून होता. पंचाहत्तरी ओलांडली तरी माणूस अजून चपलेच्या पट्ट्याशी खेळतो.

"कायले जाता?" तो म्हणाला. "फोनवर विचारा. पाय दुखतीन तुझे."

माझ्या पायांची इतकी काळजी त्यानं लग्नाच्या वरातीतही केली नव्हती. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

एसटीनं अर्जुनी, तिथून पॅसेंजरनं सौंदड. सगळा वेळ ते गाठोडं माझ्या मांडीवर. समोरची बाई म्हणाली, "देवाचा फोटो हाये का जी?" मी हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर तिला अर्थही सांगावा लागला असता.

नणंदेचं घर आता स्लॅबचं आहे. ती मागच्या वाडीत पोपटीच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा तोडत होती. आम्हाला पाहून तिनं शेंगांचा ओचा तसाच धरून हाक मारली, "अव वयनी, फोन नाई, फान नाई, अशी कशी आली व?"

चहा झाला. मग नातीनं लुगडं सोडलं आणि चित्र बाजेवर ठेवलं. नणंदेनं पदरानं चष्मा पुसला आणि बराच वेळ पाहत राहिली. मी शेंगा सोलायला घेतल्या. हात कुठंतरी गुंतलेला बरा.

"हे अजून हाये?" ती एवढंच म्हणाली.

माझी नात वागायला गुणी, पण दया-माया नाही. तिनं मोबाइल काढला आणि माझं सगळं भाषण पहिल्यापासून वाचून दाखवलं, मी केलेल्या हातवाऱ्यांसकट. नणंदेनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. भविष्य नाही, इथवर तिनं धीर धरला. यमाच्या रेड्याशी तिचे खांदे हलायला लागले. मग तिला ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

"बाई, हसतेस काय," मी म्हटलं. "इतकं हसण्यासारखं होतं तर तेव्हाच का नाही हसली?"

"पाटावर बसून हसत असतेत का व?"

"मग खरं काय आहे?" नातीनं विचारलं.

नणंदेनं चित्राच्या खालच्या काठावर बोट ठेवलं, त्या तपकिरी अर्धचंद्रांवर. "हे काय हाये, सांग."

"ग्रहणाचे चंद्र," मी म्हटलं. जुनी खोड.

"कवेलू होत."

मी पाहिलं. आणि ते कवेलूच होते. आमच्या घराच्या छताचा काठ, कौलांची शेवटची ओळ. ज्या कवेलूंखाली मी अठ्ठेचाळीस वर्षं स्वयंपाक केला, ज्यांच्यावरून माकडं गेली की मी काठी घेऊन धावते, ते मला ओळखता आले नव्हते. कारण मी त्यांना कायम खालून पाहिलं होतं. आणि गोंदियाच्या माझ्या माहेरी तेव्हाही स्लॅब होता.

"मी वरतून काढलं हे," ती म्हणाली. "कवेलू फेरून राहिली होती ना मी."

आमच्याकडं जेठ महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, छतावरचे कवेलू फेरतात. सगळे उतरवायचे, शेवाळ झाडायचं, फुटके काढून टाकायचे, पुन्हा ओळीनं बसवायचे. नाही केलं तर पावसाळाभर घरात भांडी मांडून बसा. काम बाप्यांचं. त्या वर्षी सासऱ्यांची कंबर धरली होती आणि माझा नवरा, एकुलता एक मुलगा, शिडीच्या चौथ्या पायरीवर गेला की त्याला गरगरायला लागे. मी माहेरी आंबे खात होते. म्हणून नणंद चढली. चार दिवस, सकाळी उजाडल्याबरोबर चढायची आणि रस्त्यावर माणसांची वर्दळ व्हायच्या आत उतरायची. सासरे खालून कवेलू द्यायचे, ती वर बसवायची.

"ओचा मारलेला, डोक्याले बाबाचा गमछा," ती सांगत होती. "अन् सारं गाव खाली. जन्मात पहिल्यांदा मले आपली वाडी अशी दिसली, पूर्‍या पसरलेल्या लुगड्यावानी. आभाळ कोठून येईन चित्रात? आभाळात तं मीच होती."

नातीनं टाइप करणं थांबवलं होतं.

"आणि शिडी?" ती म्हणाली.

"तुही आजी म्हणते, कुठंच जात नाही. अव, ते वरचं टोक नोहे, तो पायथा हाये. ती खाली टेकली हाये मातीवर. वरच्या टोकाले मी हाये."

मी सोललेले दाणे टरफलांत टाकले आणि टरफलं दाण्यांत. मग म्हटलं, "बाई, एवढं होतं तर त्या दिवशी सांगायचं ना."

"काय सांगू? आईनं पाहुण्यांले सांगून ठेवलं होतं, पोरगी घराच्या उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाई. अन् मी सांगू, घराच्या डोक्यावर चढून बसली होती? अन् दादाची इज्जत? बाबा बोलनार होते, पन मंग लोकं विचारतीन, पोरगा असून पोरीले काऊन चढवलं."

म्हणजे सासऱ्यांना माहीत होतं. सासूबाईंना माहीत होतं. मला चपलेचा पट्टा आठवला आणि नातीला म्हटलं, "लाव फोन तुझ्या आजोबांना."

फोन लागला. मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं ना, हे चित्र छतावरून काढलंय ते?"

पलीकडून त्याचा आवाज आला, "हॅलो, हॅलो, आवाज येऊन नाई राहिला," आणि फोन बंद. ओसरीच्या त्या खुर्चीत आमच्या अख्ख्या गावात सगळ्यात चांगली रेंज येते.

नणंद पुन्हा हसत होती. आता नाही विचारलं तर मरेपर्यंत विचारणं होणार नाही, असं वाटलं. शेंगा बाजूला ठेवल्या.

"बाई, एक सांग. माझ्यामुळं ती सोयरीक मोडली."

"मोडली तं. मास्तर दिसायलेही बरा होता." तिनं शेंगा स्वतःकडं ओढल्या. "दोन वर्सं तुले मनातल्या मनात शिव्या देल्या मी. तू म्हशीले चारा टाकायची, अन् मी माजघरात बसून शिव्या मोजायची. मंग हे घर भेटलं, यायनं मले कधी कोठं चढू नको म्हटलं नाई. मंग कंटाळा आला शिव्यांचा."

"आणि चित्र? तू मग काढलंच नाहीस काही. माझ्यामुळं?"

"नाई व. रंग सरले."

"काय?"

"डब्यातले रंग सरले. तपकिरी तं कवेलूंतच सरला सारा. मंग लग्न, मंग पोरं, मंग धान. कोन आनून देते रंग?"

खरं सांगते, मला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी थोडं वाईटही वाटलं. अठ्ठेचाळीस वर्षं मी स्वतःला एका चित्रकर्तीची वैरीण समजत आले होते, आणि तिच्या हिशोबात माझी किंमत एका रिकाम्या नळीपेक्षा कमी निघाली. चोवीस वर्षांच्या त्या विदुषीला हे सोसलं नसतं. तिनं याचाही अर्थ लावला असता.

नात मात्र चिकाटीची. "म्हणजे माती जांभळी केली ती फक्त तपकिरी संपला म्हणून? त्याचा अर्थ काहीच नाही?"

नणंदेनं चित्र जरा जवळ घेतलं. "तपकिरी सरला होता, हे खरं. पन हिरवा होता, पिवळा होता. जांभळा मी लाल अन् निळा मिळवून मुद्दाम केला." ती बोटानं माती चाचपत होती, जणू ओली आहे. "उजाडताना वरतून पायलं ना, तं माती तशीच दिसे. अन् मले लय चांगलं वाटून राहिलं होतं त्या चार दिवसांत. आता त्याले काय म्हनतेत ते तू लिही. तू शिकून राहिली."

नातीनं काहीतरी लिहिलं आणि मला दाखवलं नाही. मला ते आवडलं. मी तिच्या वयात चित्राकडं बघायच्या आधी अर्थ शोधायला धावत होते, आणि बोलायला तर त्याच्याही आधी.

"एक राहिलं," मी म्हटलं. "हा काळा. शिंगांचा. हा तरी कोण आहे?"

"ते तूच ओळख," नणंद म्हणाली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. "चाला वरते."

स्लॅबच्या घराला बाहेरून जिना आहे. ती पुढं, मी मधे, नात चित्र घेऊन मागं. माझे गुडघे प्रत्येक पायरीला बोलत होते. नणंद मात्र सरसर. वर गेल्यावर ती आम्हाला मागच्या काठाशी घेऊन गेली, जिथं उन्हात मिरच्या वाळत होत्या. दिवस कलला होता, ऊन आमच्या पाठीवर. खाली तिची वाडी पसरलेली: कोचई, पोपटी, दोडक्याचा वेल, आणि भिंतीला लावलेली बांबूची शिडी. वरून ती शिडी खरंच मातीच्या मधोमध संपत होती.

"बघ," ती म्हणाली.

मी बघितलं. वाडीत कोचईच्या पानांवर काळसर काहीतरी पसरलं होतं. आधी घराच्या छताची सरळ सावली. आणि तिच्या काठातून वर आलेली तीन डोकी. मी मान हलवली तर मधलं डोकं हललं. नणंदेनं खांद्यावरचा टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि मागं गाठ मारली. गाठीची दोन टोकं वर राहिली. खाली, पानांवर, तिच्या सावलीला दोन लहान शिंगं फुटली.

यमाचा रेडा. अख्ख्या चित्रात सगळ्यात मोठी, मधोमध, गमछा बांधून उभी असलेली तेवीस वर्षांची पोरगी. आणि मी हात पसरून विचारलं होतं, माणूस कुठं आहे.

"बाई," मी म्हटलं, "तू तर तिथंच होतीस."

"मंग. तूच म्हने मी नाई."

नातीनं चित्र उंच धरलं आणि एकदा चित्राकडं, एकदा खाली बघत राहिली. मी नणंदेला म्हटलं, चित्र आता तुझ्याकडं ठेव, तुझं आहे. ती म्हणाली, नको, तुझ्याकडंच टांग, बैठकीत, होतं तिथंच. "अन् कोनी विचारलं हे काय हाये, तं दादाले सांगू दे. खुर्चीत बसूनच सांगू दे त्याले, चढाले नको लावू."

मग तिनं हात वर केला, आणि खाली शिंगवाल्या सावलीनं हात वर केला. मीही केला. आम्ही दोघी म्हाताऱ्या तिथं उभ्या राहून कोचईच्या पानांवर हात हलवत होतो, आणि नात म्हणत होती, हलू नका, फोटो काढू द्या. पण आम्हाला थांबवेना.